मशीनने छापलं म्हणून लगेच हबकू नका

वडिलांच्या ईसीजीवर मशीननेच ‘एट्रियल फिब्रिलेशन’ (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके अनियमित पडणं) छापलंय म्हणताय, तर आधी पट्टी नीट बघा. कोऱ्या कागदाची कड उंच टोकांना लावा, तीन-चार टोकांवर पेनाने खुणा करा आणि कागद पुढे सरकवा. खुणा कुठेच जुळत नसतील आणि टोकाआधीचा छोटा उंचवटा, म्हणजे पी वेव्ह, एकाही लीडमध्ये (म्हणजे पट्टीवरच्या एकाही आलेखात) दिसत नसेल, तर फिब्रिलेशनच्या संशयाला जागा आहे. ठोके असे वेडेवाकडे असले की मिनिटाचे ठोके काढायचं ‘300 भागिले दोन टोकांमधले मोठे चौकोन’ हे गणित फसतं. 10 सेकंदांच्या पट्टीतली टोकं मोजून सहाने गुणा.

आमच्या आईचा ईसीजी कोथरूडला डिसेंबरात, भल्या सकाळी काढला होता. थंडीने हात थरथरत होते, मशीनने हेच छापलं. पांघरूण घालून पुन्हा काढला, तर पी वेव्ह ओळीने हजर! (तोवर बाबांचे सगळ्या नातेवाइकांना फोन करून झाले होते.)

उलटंही होतं बरं. धडधड थांबल्यावर काढलेली पट्टी अगदी स्वच्छ येते, मग 24 तासांचं होल्टर, म्हणजे सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र, लावतात. खरंच फिब्रिलेशन असेल तर गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो, तेव्हा पट्टी डॉक्टरांना दाखवाच. इथे फोटो टाकलात तर वरचं नाव तेवढं झाका.