मदत हवी आहे: हिवाळ्यात गोल्फ मैदानावरील बंकरच्या निचऱ्याचे काम

नमस्कार. इंग्लंडमधील एका छोट्या गोल्फ क्लबच्या मैदान समितीवर मी काम पाहतो. तेथील जमीन चिकणमातीची असल्याने हिवाळ्यात बंकरमध्ये, म्हणजे खेळात अडथळा म्हणून केलेल्या वाळूच्या खड्ड्यांमध्ये, पाणी साचते, म्हणून जुनी वाळू उपसून, तळाशी चर खोदून त्यांत छिद्रांचे पाइप व खडी घालण्याचे ठरले आहे. मातीचे तापमान सुमारे ६ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की गवताची वाढ जवळजवळ थांबते; अशा वेळी बंकरच्या कडांवर अंथरलेली तयार हिरवळ मूळ धरेल का, की ते काम मार्चपर्यंत थांबवावे? मला अधिक काळजी वाटते ती ओल्या जमिनीवर यंत्रे नेल्याने माती दाबली जाण्याची, कारण ते नुकसान लवकर भरून निघत नाही. त्यासाठी वाटेवर फळ्या अंथरणे पुरेसे ठरते का? हिरवळीचे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.