कॅन्सरच्या शेकाचं (रेडिएशनचं) मशीन गडचिरोलीला पाहिजे की आधी गावात कॅन्सरची तपासणी? तुमचं मत सांगा

धानवाला_नागपूर
माझे मामा कुरखेड्याकडचे. तीस वर्षं खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटलेला, खात होते. गालात फोड आला तो बराच होईना म्हणून नागपूरला आणलं, ऑपरेशन झालं अन् मग पस्तीस शेक सांगितले, म्हणजे आठवड्यातून पाच दिवस असे सात आठवडे. उपचार सरकारी योजनेत फुकट झाला, ते मान्यच. पण शेक दहा-पंधरा मिनिटांचा, बाकीचा दिवस काय करायचं? हॉस्पिटलच्या मागं खोली घेतली, मामी सोबत, तिची मजुरी बुडाली, घरून मिक्सर आणला कारण तोंडात एक बोटही जात नव्हतं, वरणभात पातळ करून नळीनं द्यायचा. धान कापणीला आला अन् एकोणिसाव्या शेकानंतर मामा जे गावी गेले ते परत आलेच नाही. मधे खंड पडला की उरलेला रोग परत जोर धरतो हे डॉक्टरनी आधीच सांगितलं होतं. तसंच झालं. नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला एनसीआय हे कॅन्सरचंच हॉस्पिटल आहे, एम्स आहे. पुढचं मशीन गडचिरोलीतच बसलं पाहिजे, माझं तरी हेच म्हणणं आहे.

शेकरूम_टेक्निशियन
भाऊ, मामांचं वाचून वाईट वाटलं. पण मी रोज तेच मशीन चालवतो म्हणून सांगतो, मशीन आणणं सगळ्यात सोपं काम आहे. जाड काँक्रीटच्या भिंतींची खोली लागते, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते, शेकाचं माप ठरवणारा फिजिसिस्ट लागतो, कॅन्सरचा डॉक्टर लागतो, अन् हे लोक जिल्ह्याच्या गावी टिकत नाहीत. एक जण सोडून गेला की मशीन बंद. कोबाल्टवर चालणारं मशीन घ्या म्हणाल, आपलं भारतात बनलेलं भाभाट्रॉन आहे, विजेची कटकट कमी, पण त्यातल्या किरणं सोडणाऱ्या कोबाल्टच्या सोर्सची ताकद साडेपाच वर्षांच्या आतच निम्मी होते, तो बदलायला परत पैसा. त्यापेक्षा तेच पैसे पेशंटच्या राहण्याखाण्याला अन् गावातल्या तपासणीला द्या. धाराशिव जिल्ह्यात मुंबईच्या टाटा अन् बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलनं 1 लाख 31 हजार बायांवर अभ्यास केला होता, 2009 ला छापून आला. ज्या गटात एकदाच एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची तपासणी) केली त्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. खेड्यातल्याच बाया होत्या त्या.

धानवाला_नागपूर
अभ्यास खरा असेल दादा, पण त्याच अभ्यासात गर्भाशयमुखाला नुसतं व्हिनेगरसारखं सौम्य अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी पाहायच्या पद्धतीनं मृत्यू ठळक कमी झाले नव्हते, अन् आपल्या सरकारी केंद्रात तीच स्वस्त पद्धत आहे ना? वरून ज्या बाया पॉझिटिव्ह निघाल्या त्यांचा पुढचा उपचार तिथं पक्का ठरलेला होता. आमच्याकडं शिबिर होतं, फोटो निघतात, चिठ्ठी देतात ‘नागपूरला दाखवा’, अन् ती चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत पडून राहते. उपचार जवळ नसताना रोग सांगणं म्हणजे माणसाला जीव घेऊन दारोदार फिरवणं आहे. मला राग याचा येऊन राहिला.

वर्धारोड
मुंबईच्या झोपडपट्टीत त्याच अ‍ॅसिडच्या तपासणीनं मृत्यू 31 टक्के कमी झाले होते, तपासणाऱ्या बाया दहावी शिकलेल्या होत्या. म्हणजे पद्धत टाकाऊ नाही, मागं लागणारं माणूस पाहिजे. बाकी खर्र्यावर कोणीच का बोलत नाही? गुटखाबंदी 2012 ला झाली, पण पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा शाळेसमोर मिळून राहिला.

आशाताई_कुही
दोघांनाही सांगते, रागवू नका. मी तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका पाहायचा सरकारी फॉर्म, भरते. माणसाला म्हणते तोंड उघडा, तीन बोटं उभी घाला. दोनच गेली की मला कळते, तोंड आखडलं आहे. पण तो म्हणतो ताई, दुखत नाही ना, मग कायले जाऊ? अन् बाया तर खालची तपासणी म्हटलं की दारच लावतात. एका बाईला मी स्वतः एसटीत बसवून नागपूरला नेलं, बायप्सीचा (तुकडा काढून तपासतात त्याचा) रिपोर्ट यायला दिवस लागले, तोवर तिच्या नवऱ्यानं तीन फेऱ्यांचं भाडं उसनं घेतलं. योजनेत नाव लागायच्या आधीचा हा खर्च कोणीच धरत नाही. पहिले हा भरा. मशीन आलं तरी ती बाई त्या मशीनपर्यंत पोचली पाहिजे ना.

शेकरूम_टेक्निशियन
ताईंचं बरोबर आहे, बायप्सीचा तुकडा जिल्ह्याच्या रुग्णालयात काढून नुसता तुकडा नागपूरला पाठवला तरी माणसाची एक फेरी वाचते. तरीही मशीनबाबत माझं मत तेच.

धानवाला_नागपूर
अन् माझं माझं. एक अजून लिहायचं राहिलं. शेवटचे दोन महिने मामांना दुखणं सहन होत नव्हतं, मॉर्फिनची गोळी जवळपास कुठंच मिळाली नाही. अंमली पदार्थांचा कायदा अशा औषधांसाठी 2014 लाच सैल झालाय म्हणतात. मामी रात्री उशीखाली ओला टॉवेल ठेवायची, ते तोंडात धरून चावायचे. तालुक्याच्या दवाखान्यात ही गोळी ठेवायला ना फिजिसिस्ट लागतो ना काँक्रीटची भिंत. टेक्निशियन दादा, ह्याला तरी तुमचा विरोध नसावा.

शेकरूम_टेक्निशियन
नाही भाऊ. ह्याला नाही.