मदत हवी आहे: अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये स्टिरॉइड लागू पडत नाहीये

नमस्कार. धाकट्या बहिणीला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याचा आजार) आहे. मेसालामिन (आतड्याची सूज कमी करणारं औषध) चालू होतंच, त्यावर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं. तरी शौचातून रक्त जायचं थांबत नाही. डॉक्टर आता इन्फ्लिक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुचवताहेत. आधी टीबीची तपासणी सांगितली आहे, कारण या औषधाने शरीरात दबून राहिलेला टीबी वर येऊ शकतो. दुसरा पर्याय टोफासिटिनिबच्या गोळ्यांचा, पण तिला मूल हवं आहे आणि गरोदरपणात त्या टाळतात, म्हणून मन धजत नाही.

पुण्यात इन्फ्लिक्सिमॅब किंवा वेडोलिझुमॅब (याच आजारावरचं आणखी एक औषध) कुणी घेतलंय का? फरक कधी जाणवला? विम्याने डे-केअरमध्ये खर्च दिला का? ०, २ आणि ६ आठवड्यांच्या डोसनंतर साधारण दर ८ आठवड्यांनी सलाइनमधून घ्यायचं, त्यामुळे पैशांचा अंदाज आधीच हवा.

आई म्हणते, सगळं बंद करून आयुर्वेदिक सुरू करू. हळदीतल्या कर्क्युमिनचा मेसालामिनच्या जोडीला फायदा दिसल्याचे छोटे अभ्यास आहेत, पण एवढं रक्त जात असताना मुख्य औषध सोडायला माझा ठाम विरोध आहे.

कोथरूड-कर्वेनगरकडे या आजाराचा चांगला अनुभव असलेले पोटविकारतज्ज्ञ माहीत असतील तर कृपया कळवा, दुसरं मत लवकर घ्यायचंय.