फोटोवरून व्यक्तिचित्र: सोय की पळवाट?

डिचोलीकर: फोटोवरून रंगवलेला चेहरा ओळखू येतो, पण कातरून चिकटवल्यासारखा दिसतो. मोबाइल हातभर अंतरावर धरला की नाक फुगतं, कान मागे पळतात. त्वचा गुळगुळीत करणारी सोय चालू असेल तर गालाचं हाडच गायब. आणि बल्कावात (गोव्यातल्या घराच्या दारापुढच्या बैठकीत) बसलेल्याच्या हनुवटीखाली तांबड्या कोब्यावरून जो उजेड उसळतो, तो कॅमेरा परस्पर 'सुधारून' करडा करतो. गोलाई येते ती त्याच तांबूसपणाने! पणजीत फोंतेनासला फुंदासांव ओरिएंत या संस्थेत गोव्याचे चित्रकार ए. एक्स. त्रिंदाद (जन्म १८७०) यांची व्यक्तिचित्रं आहेत. त्यांतल्या सावल्या जवळून बघून या.

मडगांवचा कुंचला: असहमत. हे दोष फोटोचे नव्हेत, काढणाऱ्याचे. दोन मीटर मागे सरा, दुप्पट झूम, फ्लॅश बंद, उजेड एकाच खिडकीचा. फोटो दोन काढा: एकात कपाळावरचा उजेड पांढराफटक होऊ नये, दुसऱ्यात सावलीतलं दिसावं. पावसाळ्यात ढग घटकेघटकेला उजेड पालटतात. समोर बसवलेल्या माणसाची सावली आता धारदार, मग पुसट. धरायची कुठली?

साम्य बिघडतं ते बहुधा चौकोनांत, म्हणजे फोटोवर आणि कॅनव्हासवर सारखीच घरं आखून चेहरा घराघराने उतरवताना. १६ × २० इंची कॅनव्हाससाठी अख्ख्या ए-फोर प्रिंटवर ८ × १० घरं पाडतात. ती घरं उभट होतात, कॅनव्हासवरची चौकोनी, आणि चेहरा बसका. प्रिंट आधी ८ × १० इंचांत कापा, त्यावर एक इंचाची घरं, कॅनव्हासवर दोन इंचांची.

डिचोलीकर: चौकोनांचं मान्य. पण तुमच्या प्रिंटमधली सावली बघून लोक नळीतला काळा लावतात, त्याचं काय? बर्न्ट अंबर या गडद तपकिरीत थोडा अल्ट्रामरीन निळा घातला तर सावली श्वास घेते. हे प्रिंट सांगत नाही, समोरचा माणूस सांगतो.

साळगांव: दोघेही जिवंत माणसाबद्दल बोलताय. ऑर्डर येते ती वारलेल्या आजोबांची, पासपोर्ट फोटोवरून! ३५ × ४५ मिलिमीटरचा कागद कितीही मोठा करा, दाणेच वाढतात. शिवाय समोरून फ्लॅश, म्हणजे चेहरा सपाट आणि बुबुळाच्या मधोमध टाचणीएवढा पांढरा ठिपका. तो तसाच उतरवला तर नजर दचकलेली दिसते. ठिपका बुबुळाच्या वरच्या कडेला, उजेडाच्या बाजूला घ्या.

मापं फोटोतलीच ठेवा. डोळ्यांचे बाहेरचे कोपरे, नाकाचा शेंडा, हनुवटी आधी पक्की करा. सावल्यांसाठी तशाच ठेवणीचा मुलगा किंवा नातू त्याच कोनात खिडकीशी बसवा.

डिचोलीकर: म्हणजे शेवटी माणूस बसवलाच की!

मडगांवचा कुंचला: बसवा, आणि त्याचाही फोटो काढून ठेवा. नातू तासभरसुद्धा टिकत नाही.

साळगांव: काढा. फक्त नातवाचे कान उचलू नका. घरच्यांना ते लगेच कळतं.