मदत हवी आहे: मनगटाजवळ पहिला टॅटू, ढोलाचा सराव चालू असताना करावा का?

प्रश्न – ढोलवाली_२२

डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या दोन बोटं वर, देवनागरीत फक्त ‘आई’ करून घ्यायचं आहे. उंची १ सेंमी ठरवली आहे. मधुमेह किंवा इतर आजार नाही, कान टोचले तेव्हा गाठ आली नव्हती. गणपतीला साडेतीन आठवडे उरलेत आणि पथकाचा सराव रोज संध्याकाळी असतो. आधी काय तयारी करायची? नंतर काय लावायचं? घरी हळद आणि खोबरेल सुचवतायत. सराव किती दिवस बंद ठेवावा लागेल? भाऊ सैन्यभरतीची तयारी करतोय, त्यालाही टॅटू हवाय. त्याला चालेल का?

उत्तर – रेषा_आणि_सुई

आधी मापाचं बघा. १ सेंमीत ‘आई’ बसवू नका. शाई त्वचेच्या दुसऱ्या थरात, साधारण १ ते २ मिमी खोल बसते आणि वर्षं जातील तशी रेष थोडी जाड होते. ‘ई’च्या डोक्यावरचा आकडा आणि शिरोरेखा यांच्यातली फट आज केसाएवढी असेल तर काही वर्षांत ती बुजते, आणि खालचं वळणही भरून येतं. किमान पावणेदोन ते दोन सेंमी घ्या. रेषेसाठीची राउंड लायनर सुई (गोल जुडग्यात बसवलेल्या सुया) तीनपेक्षा पाचची बरी. मनगटावर त्वचा पातळ असते. सुई खोल गेली की शाई रेषेबाहेर निळसर पसरते आणि ते पुसून जात नाही.

स्टेन्सिल (गोंदण्याआधी त्वचेवर उमटवायचा नमुना) लावताना उभं राहा आणि हात सैल सोडा. तळहात वर करून टेबलावर ठेवलेला हात आणि खाली लोंबणारा हात यांत त्वचा बरीच फिरते. टेबलावर सरळ दिसलेली शिरोरेखा चालताना तिरकी दिसते. वाकडी वाटली तर पुसून पुन्हा लावायला सांगा, दहा वेळा सांगावं लागलं तरी संकोच नको. लागल्यावर ती दहा मिनिटं सुकू द्या, नाहीतर पुसताना अर्धी जाते.

आता ढोल. डाव्या हाताची थापी, कडेवर घासणारं मनगट, घाम आणि वर गुलाल, हे सगळं नेमकं त्याच जागी येतं. निदान तीन आठवडे तिथे घर्षण नको. म्हणजे रोजचा सराव चालू ठेवून ते बसतच नाही. विसर्जनानंतर करा.

उत्तर – जखम_म्हणून_बघा

वरच्याशी सहमत. ताजा टॅटू म्हणजे उघडी जखमच असते.

आदल्या दिवसापासून दारू नको. डॉक्टरांनी दिलेली नसेल तर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनही नको, रक्त जास्त येतं आणि शाई नीट बसत नाही. पोटभर जेवून जा. हेपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर आत्ताच सुरू करा, डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही, ठरलेलं असेल तर आधी करून घ्या.

स्टुडिओत सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे, त्यावरची मुदत वाचा. शाई छोट्या कपात ओतलेली हवी, उरलेली परत बाटलीत जाता कामा नये. एक प्रश्न मात्र नक्की विचारा: शाई पातळ करायला पाणी कुठलं वापरता? निर्जंतुक पाणीच हवं. नळाच्या किंवा बिसलेरीच्या पाण्यातले काही जिवाणू दोन-तीन आठवड्यांनी पुरळासारख्या गाठी आणतात, आणि त्यांवर साधी अँटिबायोटिक्स चालत नाहीत. जत्रेत एकाच सुईने दहाजणांना गोंदतात, तिथे हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो.

हळद-खोबरेल दोन्ही नको. हळदीची पूड जखमेत अडकते, तेलाचा थर घाम कोंडतो. हात साबणाने धुवा, मग कोमट पाणी आणि बिनवासाचा साबण वापरून टॅटू बोटांनीच धुवा, स्क्रबर नको. टॉवेल नको, टिश्यूने टिपून घ्या. दहा मिनिटांनी बिनवासाचं मॉइश्चरायझर तांदळाच्या दाण्याएवढं, दिवसातून दोन-तीनदा. त्वचा चकचकीत दिसली तर जास्त झालं.

ढोलवाली_२२

म्हणजे विसर्जनानंतरच. ताज्या टॅटूवर चिकटवतात त्या पारदर्शक फिल्मखाली काळं पाणी साचतं म्हणतात, तेव्हा शाई निघत असते का?

जखम_म्हणून_बघा

नाही, ते रक्तरस आणि जादा शाई असते. पहिली फिल्म २४ तासांनी काढा, धुऊन पूर्ण कोरडं करा, मग नवी लावून तीन-चार दिवस ठेवा. कडेने गळू लागली तर लगेच काढा, तिथून बाहेरची घाण आत जाते. फिल्मभोवती चौकोनी लाल पुरळ आलं तर चिकटद्रव्य सोसत नाही, तेव्हा फिल्मशिवाय सांभाळा.

चौथ्या दिवसापासून पापुद्रे सुटतात, रंग फिका वाटतो. ओढू नका, ओढलं तिथे रेष तुटते. खाज आली तर थोपटा. तीन-चार आठवडे समुद्र, विहीर, तरणतलाव बंद, सनस्क्रीन त्यानंतर.

दोन दिवसांनंतर लाली वाढत गेली, पू आला, ताप आला किंवा काखेकडे लाल रेघ सरकली तर स्टुडिओत नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

रेषा_आणि_सुई

भावासाठी: सैन्यात कायमचा टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूला चालतो. दंडावर, छातीवर, मानेवर नाही. आदिवासी परंपरेच्या गोंदणाला वेगळी सूट आहे. निमलष्करी दलांचे नियम वेगळे आहेत, म्हणून ज्या भरतीचा अर्ज भरणार तिची जाहिरात आधी वाचू दे. लेझरने काढायला बऱ्याच बैठका लागतात आणि मध्ये काही आठवडे थांबावं लागतं, तेवढ्यात भरतीची तारीख निघून जाते.