दुसऱ्या रविवारी काय झालं?

धागाकर्ती, वसई

आमच्या धर्मग्रामात नवीन येणाऱ्यांसाठी चर्चच्या दाराशी टेबल मांडायचं ठरलंय आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. ("तुला बोलायला आवडतं ना?" इति फादर.) १९९८ साली वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, तेव्हा कुठल्या बाकावर कुठलं घर बसतं हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. आता वाड्या गेल्या, टॉवर आले आणि रविवारच्या मिस्सेला निम्मे चेहरे अनोळखी असतात. केरळचे, तामिळनाडूचे, झारखंडचे, मराठवाड्यातले. आम्ही हसतो, 'या, बसा' म्हणतो. पण माणूस काही पुन्हा दिसत नाही.

पहिल्या रविवारी सगळेच गोड वागतात हो. तुम्ही दुसऱ्यांदा का गेलात, किंवा का नाही गेलात, ते लिहा. कॅथलिक, प्रोटेस्टंट, कुणीही. चर्चचं नाव मात्र घालू नका, उखाळ्यापाखाळ्या नकोत.

सातारची, वसईत दिलेली

माझं माहेर वारकरी. बिशपांची परवानगी काढून लग्न चर्चमध्ये झालं, पण मी बाप्तिस्मा घेतलेला नाही. पहिल्या मिस्सेला शेजारणीवर डोळा ठेवून उठाबशा काढत होते. ती पायातली चप्पल शोधायला वाकली, तर मीही गुडघे टेकले!

शांतिचिन्हाच्या वेळी मात्र सगळे एकमेकांकडे वळून हात जोडतात. ते मला येत होतं. एवढ्या तासाभरात तेवढंच.

खरी पंचाईत ख्रिस्तप्रसादाच्या वेळी. बाप्तिस्म्याशिवाय तो घेता येत नाही. अख्खा बाक उठून रांगेत जातो आणि तुम्ही एकट्याच उरता. लोक तुमच्या गुडघ्यांना घासत जातात, त्यातल्या दोघी वळून बघतात. नवऱ्याला हे कळतच नव्हतं, तो जन्मापासून रांगेतलाच. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मागच्या बाकावरच्या एक आजी कानाशी येऊन म्हणाल्या, "दोन्ही हात छातीवर आडवे धर आन् चल माझ्या मागं. फादर नुसता आशीर्वाद देतील." गेले. डोक्यावर हात ठेवला गेला, परत येऊन बसले. एवढंच. आज अकरा वर्षं झाली. आजी गेल्या. आता रांगेच्या वेळी बाकावर एकटी कोण उरलीय ते मी बघते.

ताई, टेबलावर पत्रकं ठेवण्यापेक्षा हे एक वाक्य कुणीतरी सांगायला ठेवा.

नगरकर, मुक्काम पुणे

आमची उपासना, तुमची मिस्सा, पण दुखणं एकच. पुण्यात आल्यावर पहिल्या चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसलो. एक गृहस्थ आले, "भाऊ, इथं आमची आई बसते." उठलो, मागे गेलो. आई काही आली नाही. पाळकांचा उपदेश संपून आशीर्वाद झाला तरी जागा रिकामीच! पुन्हा गेलो नाही.

दुसरीकडे नारायण वामन टिळकांचं भजन लागलं. आम्ही नगरला ते ठाय लयीत म्हणतो, ही मंडळी दौडत सुटलेली. सगळ्यांचं कडवं संपलं तेव्हा माझी एक ओळ उरली होती आणि ती मी मोठ्यानं, एकट्यानं पूर्ण केली. पेटीवाल्या काकांनी मान वळवून बघितलं. वाटलं, झालं आता. बाहेर गाठून म्हणाले, "ही जुनी चाल दिसते. पुढच्या रविवारी अर्धा तास आधी या, बसवून घेऊ."

जालन्याचा

मी लिहू की नको असं चाललं होतं.

'कुठून आलात?' हा प्रश्न ठीक आहे. त्याच्यानंतर 'आडनाव?' येतो तो ठीक नाही. आडनाव ऐकलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर हिशोब सुरू होतो, तो आम्हाला लांबून वाचता येतो. राष्ट्रपतींच्या १९५०च्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा आधी बहुतांशी हिंदूंनाच होता, पुढे १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध. ख्रिस्ती अजून बाहेरच. म्हणजे कागदावर मी दलित नाही, बाकावर मात्र आहे.

इकडे बदलून आल्यावर पहिलं वर्ष असंच गेलं. मग पवित्र गुरुवार आला, गुड फ्रायडेचा आदला दिवस. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या आठवणीत होणाऱ्या पाय धुण्याच्या विधीला पूर्वी पुरुषच बसवत, २०१६पासून बायकांनाही बसवता येतं. फादरनी बारा जणांच्या यादीत माझ्या आईला घेतलं. न विचारता नाही, घरी येऊन, चहा पिऊन विचारलं. आई दोन दिवस टाचा घासत बसली होती, भेगा दिसतील म्हणून. वेदीसमोर खुर्चीत बसली तेव्हा पाय लुगड्यात ओढून घेत होती. फादरनी गुडघे टेकून पाय हातात घेतला, धुतला, पुसला, ओठ लावले.

त्यानंतर आईची जागा ठरली. डावीकडचा तिसरा बाक. (नगरकर, माफ करा, आता आम्हीही 'इथं आमची आई बसते'वाले झालोय.)

धागाकर्ती

जालनेकर, आमच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये पहिला रकाना आडनावाचाच आहे. आत्ता उठून बघितला.

विधवा, ५८

उलटं सांगते. मिस्टर गेल्यावर मी घरचं चर्च सोडून लांबच्या चर्चला जायला लागले, कारण तिथे मला कुणी काही विचारत नव्हतं. सहा महिने शेवटच्या बाकावर बसून रडले, कुणी पाठीवर हात ठेवला नाही, फार बरं वाटलं. सगळ्यांना दारात पकडू नका गं बायांनो.

मागच्या बाकावरचा

मी गे आहे. पंधरा वर्षं चर्चला गेलो नव्हतो. ऑगस्ट २०२३मध्ये पोप फ्रान्सिस लिस्बनला तरुणांसमोर 'तोदोस, तोदोस, तोदोस' म्हणाले. म्हणजे सगळे, सगळे, सगळे. चर्चमध्ये सगळ्यांना जागा आहे. ती क्लिप दहा वेळा पाहिली. त्याच डिसेंबरात रोमहून आलं की आमच्यासारख्या जोडप्यांना धर्मगुरू साधा आशीर्वाद देऊ शकतात, पण लग्नासारखा विधी नाही. शिकवण बदललेली नाही, मला माहीत आहे, समजावायला येऊ नये.

गेलो. गायनवृंदात खर्जाला माणूस नव्हता, तिथे घुसलो. ज्याच्यासोबत राहतो तो सरावानंतर मला घ्यायला येतो, ग्रोटोपाशी, म्हणजे आवारातल्या मारियामातेच्या गुहेपाशी, उभा राहतो. कुणी विचारलं नाही, तेही एक प्रकारे टोचत होतंच. नाताळात सोप्रानोतल्या काकूंनी नेवऱ्या-कलकलचा डबा दिला. म्हणाल्या, "जास्त भरलाय. तो बाहेर उभा असतो त्यालाही दे, आणि त्याला सांग पाऊस असला तर आत येऊन बसत जा."

लेस्टरहून

नर्स आहे. इथल्या आमच्या अँग्लिकन पॅरिशच्या दारावर 'इन्क्लुझिव्ह चर्च', म्हणजे सगळ्यांना सामावून घेणारं, अशी पाटी आहे. तीन आठवडे कॉफी-बिस्किटं, गोड हसणं, हवापाण्याच्या गप्पा. चौथ्या आठवड्यात एका बाईंनी हातात रबरी हातमोजे दिले. कप धुवायची पाळी. पाहुणीला कोण भांडी घासायला लावतं? त्या दिवशी घरी फोन करून सांगितलं, चर्च मिळालं.

धागाकर्ती

टेबल रद्द. फादरना सांगितलंय. फॉर्मही नवा छापू, जुने तीनशे पडलेत त्यांची पाठ मुलांच्या धर्मशिक्षण वर्गाला चित्रं काढायला.

नवा सदस्य

फक्त वाचत होतो. आम्ही दोन महिन्यांपूर्वी वसईत आलो. वडील व्हीलचेअरवर आहेत. मराठी मिस्सा किती वाजता असते? पायऱ्या किती?

धागाकर्ती

सातला. समोरून सात पायऱ्या आहेत, पण ग्रोटोच्या बाजूने उतार आहे. तिथे पोरं सायकली लावतात. पावणेसातला मी हलवून ठेवते. व्यक्तिगत निरोपात चर्च कळवते.