१४ इंची लॅपटॉपवर स्क्रीन रिझोल्युशन किती ठेवायचं? अक्षरं मोठी केली की पुसट होतायत

शाईपेन:
नमस्कार मंडळी. माझं काम म्हणजे घरी बसून मराठी पुस्तकांची प्रुफं तपासायची आणि महिन्यातून एकदा आमच्या पतसंस्थेचे एक्सेल बघायचे. आधीचा लॅपटॉप १५.६ इंची होता, १३६६×७६८ वाला, सगळं कसं ऐसपैस दिसायचं. तो गेला म्हणून आता १४ इंची घेतला, हलका आहे, प्रवासात बरा पडतो. याचं रिझोल्युशन १९२०×१२०० आहे म्हणे. दुकानात चालू केला तेव्हा अक्षरं इतकी बारीक की मी म्हटलं हे काही जमायचं नाही, तर तिथल्या मुलाने पटकन रिझोल्युशन १३६६×७६८ करून दिलं आणि म्हणाला काकू आता बघा. अक्षरं मोठी झाली खरी पण घरी आल्यावर बघते तर सगळं धुरकट. रफार आणि अनुस्वार एकमेकांत घुसलेत, र्‍हस्वदीर्घ वेलांटी ओळखायला नाक स्क्रीनला लावावं लागतंय, आणि माझं तर पोटच त्या वेलांट्यांवर आहे. चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, नंबर नुकताच तपासलाय, तो दोष नाही. तर नक्की कुठलं रिझोल्युशन ठेवू? मधलं काही असतं का, १६०० वगैरे?
आणि जाता जाता, भाच्याला कॉलेजसाठी घ्यायचाय, तो २.८के ओलेडच्या (म्हणे फार बारीक ठिपक्यांचा वेगळ्या प्रकारचा पडदा) मागे लागलाय. छोट्या स्क्रीनवर त्याचा उपयोग असतो का नुसतंच मिरवायला?

खटपट्या:
ताई मधलं काही नको. रिझोल्युशन परत १९२०×१२०० करा (यादीत त्याच्यापुढे रेकमेंडेड लिहिलेलं असेल) आणि त्याच पानावर वर स्केल म्हणून आहे ते १५० टक्के करा. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले. झालं काम.

जुनंखोड:
मी वेगळं सांगतो. माझ्याकडे १४ इंची १३६६×७६८ वाला लॅपटॉप अजून चालतो, कधी स्केल बिल च्या भानगडीत पडलो नाही, सगळं सॉफ्टवेअर नीट दिसतं, बॅटरी पण टिकते. हे फुल एचडी आणि त्याच्या वरचं सगळं आधी बारीक करून विकायचं आणि मग मोठं करायला सेटिंग शोधत बसायचं. कशाला?

पिक्सेलमोज्या:
जुनंखोड, तुमचा पॅनलच १३६६ चा आहे म्हणून तुम्हाला स्वच्छ दिसतं, ताईंचा तसा नाही, फरक तिथेच आहे.
ताई थोडं सविस्तर सांगतो कारण हा घोळ फार जणांचा होतो. जुने डबा मॉनिटर होते ना काचेच्या नळीचे, त्यांना ठराविक ठिपके नव्हते, रिझोल्युशन कमी केलं तरी चित्र बऱ्यापैकी चालायचं, त्यामुळे आपल्याकडे सवयच लागली की बारीक दिसतंय मग रिझोल्युशन कमी कर. आताच्या पॅनलमध्ये ठिपके कारखान्यातच पक्के बसवलेले असतात. तुमच्यात आडवे १९२० आणि उभे १२००, ना एक कमी ना एक जास्त. आता तुम्ही १३६६ चं चित्र त्याच्यावर ताणलं की एका ठिपक्याच्या वाट्याला येतात १.४ ठिपके. अर्धा ठिपका तर पेटवता येत नाही, मग शेजारच्या दोघांचा रंग मिसळून काहीतरी करडं काढतात, तेच तुमचं धुरकट. रोमन अक्षरं त्यातूनही निभावतात, आपल्या शिरोरेषेच्या वर इतकी गर्दी असते की तिथे सगळ्यात आधी वाट लागते.
त्यात अजून एक गंमत, तुमचा पडदा १६:१० आहे (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) आणि १३६६×७६८ हे १६:९. म्हणजे पूर्ण पडदाभर ताणलं तर आडवं १.४ पट आणि उभं १.५६ पट, सगळी अक्षरं साधारण ११ टक्क्यांनी उंच होतात. एक गोल काढून बघा, अंड्यासारखा दिसेल. (वरखाली काळ्या पट्ट्या येत असतील तर मग गोल नीट दिसेल, पण तेवढी जागा फुकट.)
स्केलचं तसं नसतं. ठिपके सगळे वापरले जातात, फक्त विंडोज प्रत्येक अक्षर जास्त ठिपक्यांतून नव्याने काढतं. म्हणून मोठं पण धारदार.
आता आकाराचा हिशोब, हा मी हौसेने करतो, कंटाळा आला तर सोडून द्या. तुमच्या जुन्या पडद्यावर इंचाला १०० ठिपके होते. नव्यावर इंचाला १६२. म्हणून स्केल १०० ला सगळं एकदम लहान होतं, दुकानात बहुतेक स्केल १०० किंवा १२५ वर असणार. १५० केलंत की १६२ भागिले दीड म्हणजे १०८, अर्थात जुन्यापेक्षा जेमतेम ७ टक्के लहान. १७५ केलंत तर ९३ च्या आसपास, जुन्यापेक्षा ८ टक्के मोठं. आणि त्या मुलाने जे करून दिलं, १३६६ आणि स्केल १०० धरला तर, ते आडवं इंचाला ११५ पडतं. म्हणजे धुरकटपणा घेऊनही अक्षर १५० स्केलपेक्षा रुंदीला लहानच. काही कमावलं नाही त्यात.

जुनंखोड:
बरं हे पटलं. पण मग ७६८ वाले लॅपटॉप अजून विकतात ते काय वेडे आहेत का

पिक्सेलमोज्या:
वेडे नाहीत, स्वस्त आहेत. ११.६ इंचावर १३६६×७६८ म्हणजे इंचाला १३५, तिथे ठीकच दिसतं. १४ ला ११२ होतं, मराठी वाचायला मला ते कमी वाटतं. आणि या स्वस्त पॅनलांचा खरा त्रास रिझोल्युशनचा नसतोच, बऱ्याच वेळा ते टीएन (स्वस्तातला पडद्याचा प्रकार) असतात, जरा मान हलवली की रंग उलटे. रिझोल्युशन बघण्याआधी आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग नीट दिसणारा प्रकार) आहे का ते बघावं असं माझं मत.

शाईपेन:
खटपट्या आणि पिक्सेलमोज्या, दोघांचे आभार. केलं, आणि खरंच काच पुसल्यासारखं वाटलं. आधी १७५ ठेवलं होतं पण वर्डमध्ये मेनूनेच अर्धा पडदा खाल्ला, आता १५० वर आहे. गोल काढून बघितला होता आधी, अंडंच होतं!
पण आता नवीन लफडं. पतसंस्थेचं जे जुनं सॉफ्टवेअर आहे त्यातली एन्ट्रीची खिडकी पडद्याच्या खाली जातेय, सेव्हचं बटणच दिसत नाही. आणि ते एकटंच अजून धुरकट आहे, बाकी सगळं स्वच्छ.

खटपट्या:
हे होणारच होतं. १५० ला तुमचा पडदा प्रोग्रामच्या लेखी १२८०×८०० एवढाच उरतो, त्यात टास्कबार ४८ खातो, म्हणजे उंची ७५२. जुनी सॉफ्टवेअरं १०२४×७६८ धरून बनवलेली असायची. टास्कबार ऑटो हाइड करा, तेवढ्यावर बटण दिसायला लागायची शक्यता आहे. नाहीच दिसलं तर ऑल्ट आणि स्पेस दाबा, मग एम, मग बाणाच्या कीने खिडकी वर सरकवा. त्या कामापुरतं स्केल १२५ केलं तर उंची ९६० मिळते, ते सगळ्यात सोपं, काम झालं की परत १५०.
धुरकटपणासाठी: त्या प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, खाली ओव्हरराइड वर टिक आणि त्यात सिस्टिम एन्हान्स्ड निवडा. काही जुन्या प्रोग्रामांत अक्षरं एकदम साफ होतात, काहींत ढिम्म फरक पडत नाही, काहींत खिडकीची मांडणी विस्कटते. विस्कटली तर टिक काढून टाकायची, बाकी काही बिघडत नाही. स्केल बदलल्यावर एकदा साइन आउट करून परत या, नाहीतर आधीपासून उघडे असलेले प्रोग्राम जुन्याच हिशोबाने चालतात आणि आपण उगाच दुसरीकडे शोधत बसतो.

वेलांटी_दुसरी:
प्रुफं तपासणारं कोणीतरी भेटलं इथे! मीही तेच करते म्हणून दोन गोष्टी. पहिली म्हणजे सगळा भार स्केलवर टाकू नका. वर्डमध्ये खाली उजवीकडे झूम असतो, मी मजकूर १४० ते १६० झूमवर वाचते आणि स्केल १२५ वरच ठेवते, त्यामुळे मेनू लहान राहतात आणि वाचायचं तेवढं मोठं होतं. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह, तो प्रत्येक साइटचा झूम वेगळा लक्षात ठेवतो. मेनूंची अक्षरं वाचायला त्रास होत असेल तर ॲक्सेसिबिलिटीत टेक्स्ट साइझ म्हणून वेगळी पट्टी आहे, २२५ टक्क्यांपर्यंत जाते, पण तिने तुमच्या फाइलमधला मजकूर मोठा होत नाही, हे कोणी सांगत नाही आणि मग लोक म्हणतात चालतच नाही.
दुसरी फॉन्टची. जुन्या फाइली मंगलमध्ये असतात, तो फॉन्ट लहान आकारात फारच किरकोळ दिसतो, जोडाक्षरं तर विचारूच नका. वाचण्यापुरतं निर्मला यूआय करून बघा, विंडोज ८ पासून तो आत असतोच. आणि स्टार्टमध्ये क्लिअरटाइप शोधा, तो नमुने दाखवतो, त्यातला तुमच्या डोळ्याला बरा वाटेल तो निवडत जायचा. मात्र नमुने सगळे इंग्रजी असतात, तेव्हा झाल्यावर आपलं एखादं मराठी पान उघडून बघा. मी "र्‍हस्व", "दुर्वृत्त", "सर्वांना" असलं काहीतरी टाइप करून बघते. सर्वांना मध्ये रफार आणि अनुस्वार वेगळे दिसले की समजायचं बरं चाललंय.
हां आणि एक्सेल. स्केल बदललं की कॉलमची रुंदी किंचित मागेपुढे होते, त्यामुळे जो ताळेबंद एका पानावर बसत होता त्याचं एखादं कॉलम दुसऱ्या पानावर जाऊ शकतं. छापण्याआधी प्रिंट प्रीव्ह्यू बघाच, सभेच्या आदल्या रात्री कळलं तर वाईट.

शाईपेन:
वेलांटी, १२५ आणि वर्डचा झूम हे आवडलं, तसंच करते. सेव्हचं बटण पण मग आपोआप दिसतंय. भाच्याचं कोणी बोललं नाही पण.

पिक्सेलमोज्या:
भाच्याचं. २.८के म्हणजे बहुतेक २८८०×१८००, १४ इंचाला इंचामागे २४३ ठिपके. लोकांना वाटतं जास्त रिझोल्युशन म्हणजे पडद्यावर जास्त मावतं. तो स्केल २०० ठेवेल, म्हणजे जागा मिळणार १४४०×९०० एवढीच, तुमच्या १९२०×१२०० ला १२५ वर १५३६×९६० मिळते, त्याहून कमी. मिळतो तो रेखीवपणा, आणि तो खरंच मिळतो, छापील पानाच्या जवळ जातं, २०० म्हणजे पूर्ण दुप्पट असल्याने अर्धवट हिशोबही नाही. वाचन खूप असेल, फोटोचं काम असेल तर मी नाही म्हणणार नाही.
पण ठिपके तुमच्यापेक्षा सव्वादोन पट. सगळे ढकलायला ग्राफिक्स लागतं, बॅटरी लागते, त्यात ९० किंवा १२० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र नव्याने काढणारा पडदा) असेल तर अजून. गेम खेळणार असेल तर पूर्ण रिझोल्युशनला ते मशीन दमेल. ओलेडचा काळा रंग झकास असतो, पण बऱ्याच ओलेड पडद्यांत ब्राइटनेस कमी केला की बारीक लुकलुक असते, डोळ्याला दिसत नाही पण काहींचं डोकं दुखतं. घेण्याआधी दुकानात ब्राइटनेस अगदी खाली आणून पाचदहा मिनिटं वाचून बघायला सांगा त्याला. १३-१४ इंचावर ४के मात्र अजिबात नको, ८३ लाख ठिपके पोसायचे आणि डोळ्याला २.८के पेक्षा फरक कळत नाही.

खटपट्या:
मला विचाराल तर कॉलेजला १९२०×१२०० आयपीएस बास. वाचलेल्या पैशात रॅम ८ ऐवजी १६ घ्या. आणि १६:९ पेक्षा १६:१० च घ्या, १४ इंचात उंची दीडेक सेंटिमीटर जास्त मिळते, पीडीएफ वाचताना लगेच कळतं. स्पेकमध्ये निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) बघा, २५० असेल तर खिडकीजवळ बसून वाचणं विसरा, ३०० च्या वर हवं, ४०० मिळालं तर उत्तम.

जुनंखोड:
लिनक्सवाल्यांनी काय करायचं? माझ्या त्या १३६६ वाल्यावर मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) आहे, नवीन घेतला तरी तेच टाकणार.

पिक्सेलमोज्या:
मिंटमध्ये १०० आणि २०० ला काही प्रश्न नाही, मधले १२५, १५० चालतात पण काही मशीनवर जरा जड होतात किंवा स्क्रोल करताना चित्र फाटल्यासारखं दिसतं. तसं झालं तर स्केल १०० ठेवून फॉन्टच्या सेटिंगमधला टेक्स्ट स्केलिंग फॅक्टर १.३ किंवा १.४ करा, आयकॉन लहान राहतील पण वाचायचं सगळं मोठं होईल आणि मशीनवर भार नाही. म्हणजे गंमत बघा, लिनक्ससाठी २.८के सोयीचा पडतो कारण सरळ २०० करता येतं.

फळाखडू:
मधेच विचारतो, शाळेत शिकवतो. लॅपटॉप १९२०×१०८० आहे पण प्रोजेक्टर लावला की लॅपटॉपचा पडदाही बिघडतो, सगळं मोठं आणि फाटकं. वायर काढली की परत ठीक. हाच प्रकार का?

खटपट्या:
हाच. सर तुमचा प्रोजेक्टर जुना असेल, १०२४×७६८ चा, आणि तुम्ही डुप्लिकेटवर आहात. डुप्लिकेट मध्ये दोघांना एकच रिझोल्युशन घ्यावं लागतं, मग लॅपटॉप खाली येतो. विंडोज की आणि पी दाबून एक्स्टेंड करा, दोघं आपापल्या रिझोल्युशनवर राहतील आणि स्केलही वेगवेगळा ठेवता येतो. फक्त पीपीटीची खिडकी ओढून प्रोजेक्टरच्या बाजूला न्यावी लागेल, माउस उजवीकडे पडद्याबाहेर नेलात की तिकडे निघतो.

फळाखडू:
ओके. उद्या दुसऱ्या तासाला करून बघतो. पोरांसमोर माउस हरवला नाही म्हणजे मिळवली.